गावात घरचं इंटरनेट: वायर ओढावी की छतावर डबा लावावा?

‘१०० एमबीपीएस’ असा नेटचा वेग मोठ्या अक्षरात लिहिलेला फलक आता तालुक्याच्या बसस्टँडवरच नाही, गावातल्या पानठेल्यावरही दिसतो. तो खोटा नसतो, पण गावात राहणाऱ्याला जे आधी कळायला हवं ते त्यावर लिहिलेलं नसतं. लाईन (वीज) गेल्यावर नेट चालतं का? वायर तुटली तर जोडायला माणूस कुठून येतो? जुलैत झाडं भरली की टॉवरचं सिग्नल किती उरतं? विदर्भाच्या खेड्यात निवड या तीन प्रश्नांवर ठरते. माझं मत आधीच सांगून टाकतो: गावात फायबर आहे आणि ते जोडणारा माणूस तालुक्याच्या ठिकाणी आहे, तर डोळे मिटून फायबर घ्या. माणूस नसेल तर फायबर असून नसल्यासारखं. अशा ठिकाणी वायरलेसकडे वळायला हरकत नाही, पण तपासून.

विकायला येतं ते नेमकं काय असतं

फायबर म्हणजे काचेचा केसासारखा बारीक धागा थेट घरापर्यंत. तो खाजगी कंपनीचा असेल, गावच्या केबलवाल्यामार्फत येणारा बीएसएनएलचा असेल किंवा भारतनेटच्या आधारावर दिलेला असेल. भारतनेटबद्दल एक गैरसमज फार आहे. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची ही योजना केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये वेगळ्या नावाने मंजूर केली आणि महाराष्ट्रात तिचं पुढचं काम महानेट म्हणून झालं. पण फायबर ग्रामपंचायतीच्या कार्यालयात पोचलं म्हणजे तुमच्या घरी पोचलं असं नाही. तिथून तुमच्या दारापर्यंतचं अंतर कुणीतरी पैसे घेऊन पार करावं लागतं, आणि तो ‘कुणीतरी’ गावात आहे का, हाच खरा सवाल.

दुसरा प्रकार एअरफायबरचा. जिओ आणि एअरटेल या दोघांनीही तो २०२३ मध्ये आणला. छतावर एक डबा बसतो, तो टॉवरवरून ५जी पकडतो आणि एका वायरीने घरातल्या राउटरला देतो. नावात फायबर असलं तरी टॉवर ते घर हा टप्पा हवेतूनच जातो. दुकानदाराने नुसतं ‘फायबर’ म्हटलं तर घरापर्यंत वायर येणार का, एवढं विचारून घ्या.

तिसरा म्हणजे ४जी सिमवर चालणारा छोटा राउटर, किंवा फोनचा हॉटस्पॉट. चौथा प्रकार आपल्याकडे बऱ्याच गावांत दिसतो: केबलवाला तालुक्यातून रेडिओ लिंकने नेट आणतो, उंच लोखंडी मनोऱ्यावर लावतो आणि तिथून घराघरावरच्या लहान डिशवर फेकतो. हे बहुतेक ५ गिगाहर्ट्झच्या विनापरवाना पट्ट्यात चालतं. मनोरा आणि तुमची डिश एकमेकांना उघड दिसली पाहिजे, मध्ये कडुनिंब आला की संपलं. उपग्रहाच्या इंटरनेटसाठी राज्य सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्टारलिंकसोबत इरादापत्रावर सही केली, त्यात गडचिरोली आणि वाशीमची नावं आहेत. पण त्या भरवशावर आजचं काम थांबवू नका.

पहिली पायरी: घराची गरज कागदावर मांडा

एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस पुरतात. व्हिडिओ कॉलला २ ते ४, पण तेवढेच अपलोडलाही लागतात. घरात एक टीव्ही, एक ऑनलाइन क्लास आणि दोन फोन एकाच वेळी चालत असतील तर स्थिर ३० एमबीपीएस भरपूर झाले. स्थिर हा शब्द महत्त्वाचा. रात्री ९ वाजता ८ वर येणाऱ्या १०० एमबीपीएसपेक्षा दिवसरात्र ३० देणारी लाईन केव्हाही बरी. (२०२३ पासून सरकारी व्याख्येत २ एमबीपीएस मिळाले तरी ते ‘ब्रॉडबँड’ असतं, त्यामुळे त्या शब्दावर भाळण्यात अर्थ नाही.)

सीसीटीव्ही असेल तर वेगळा हिशोब करा. एखादा कॅमेरा चोवीस तास २ एमबीपीएसने चित्र क्लाउडवर पाठवत असेल तर दिवसाला सुमारे २१ जीबी आणि महिन्याला साडेसहाशे जीबीच्या आसपास डेटा जातो. एअरफायबरच्या प्लॅनला महिन्याला साधारण १००० जीबीची मर्यादा असते, फायबरच्या बहुतेक प्लॅनला ३३०० जीबीची. असे दोन कॅमेरे लावले तर एअरफायबर महिना संपायच्या आधीच मंदावणार. त्यावर उपाय सोपा आहे. रेकॉर्डिंग कॅमेऱ्यातल्या कार्डावर ठेवा आणि तुम्ही उघडाल तेव्हाच चित्र येईल अशी सेटिंग करा.

घरी बसून नोकरी करणारा, नागपूर किंवा पुण्याच्या कंपनीसाठी दिवसभर कॉलवर असणारा कुणी असेल, किंवा तुम्ही सेवा केंद्र चालवत असाल, तर फायबरचं पारडं जड होतं. अपलोड आणि स्थिरता या दोन्ही गोष्टींत ते पुढे आहे.

दुसरी पायरी: गावात फिरा, कंपनीला नंतर फोन करा

ज्यांच्या घरी आधीच कनेक्शन आहे अशा चारपाच घरी जाऊन बसा. ‘स्पीड किती येते’ हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी हे विचारा: मागच्या पावसाळ्यात नेटची लाईन सर्वात जास्त किती दिवस बंद होती? जोडायला कोण आलं, कुठून आलं? तो फोन उचलतो का?

काचेचा धागा तुटला की तो चिकटपट्टी लावून जोडता येत नाही. त्यासाठी स्प्लायसिंग मशीन लागतं, ते महाग असतं आणि गावात नसतं. ते तालुक्यात असेल तर काम एका दिवसात होतं, जिल्ह्याला असेल तर पुढच्या आठवड्यावर जातं. आणि वायर तुटायला आपल्याकडे कारणांची कमी नाही. रस्ता रुंदीकरणाचा जेसीबी, पाण्याच्या पाइपलाइनचं खोदकाम, कुटार किंवा कापूस उंच भरून निघालेली ट्रॉली, आणि वानरं. खांबावरून घरावर आलेल्या वायरीला वानरं लोंबकळतात, तिला ओढतात. जंगलाला लागून असलेल्या गावात हा त्रास गमतीचा नाही.

फायबर गावात कोणत्या रस्त्याने येतं, हेही विचारा. एकाच बाजूने येत असेल तर वीस किलोमीटर दूर कुठे खोदकाम झालं तरी अख्खं गाव बंद पडतं. दोन बाजूंनी जोडलेलं असेल तर नशीब समजा. आणि एक बारीक प्रश्न: केबलवाल्याच्या गावातल्या पेटीला लाईट लागते का? नियमाने उभारलेल्या फायबर जाळ्यात एक्सचेंज ते घर या टप्प्यात विजेवर चालणारं काहीच नसतं, वाटेतला प्रकाश विभागणारा स्प्लिटरही विजेशिवाय चालतो. पण काही ठिकाणी खर्च वाचवायला खांबावरच्या पेटीत विजेवर चालणारा स्विच ठेवतात. मग गावची लाईन गेली की तुमच्या घरी इन्व्हर्टर असूनही नेट बंद.

तिसरी पायरी: वायरलेस घ्यायचं तर छतावर चढून सिग्नल मोजा

फोनवरच्या कांड्या मोजून काही कळत नाही. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज, मग अबाउट फोन, मग सिम स्टेटस उघडा. तिथे सिग्नल स्ट्रेंग्थ डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) दिसते. काही फोनांत *#*#४६३६#*#* डायल केलं की तीच माहिती उघडते. आकडा उणे असतो. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ८० ते ९० असेल तर उत्तम, उणे १०० पर्यंत चालून जातं. उणे ११० च्या खाली गेला तर छतावरच्या डब्याचा अँटेना फोनपेक्षा चांगला असूनही भरवसा ठेवता येत नाही. ज्या कंपनीचं कनेक्शन घ्यायचं तिचंच सिम फोनमध्ये असावं. नसेल तर शेजाऱ्याचं मागा.

मोजणी घरात करू नका. कवेलूच्या घरात सिग्नल थोडंफार येतं, जाड मातीच्या भिंतीत कमी होतं, आणि टिनाच्या छपराखाली तर फोनही रडतो, कारण धातूचा पत्रा लहरी परतवून लावतो. छतावर, पाण्याच्या टाकीजवळ उभं राहून मोजा. सकाळी, दुपारी आणि रात्री ९ नंतर, अशा तिन्ही वेळी स्पीड टेस्ट करा. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेचं मायस्पीड ॲप त्यासाठी चांगलं आहे. रात्रीची चाचणी सर्वांत महत्त्वाची. टॉवरची क्षमता सगळ्या गावात वाटली जाते; नळाला पाणी आल्यावर सगळ्यांनी एकदम तोट्या सोडाव्यात, तसं जेवणानंतर होतं.

आता मुख्य गोष्ट: ही मोजणी मे महिन्यात केली तर फसाल. मेळघाट, चंद्रपूर, गडचिरोलीच्या सागाच्या पट्ट्यात उन्हाळ्यात झाडं उघडी पडतात. टॉवर दिसतो, स्पीड मस्त येते, माणूस सहा महिन्यांचा प्लॅन भरतो. मृग लागतो, सागाची सुपासारखी पानं फुटतात, ओली होतात, आणि जुलैत तोच डबा निम्म्यावर येतो. ओली पानं रेडिओ लहरी शोषून घेतात, आणि लहरींची वारंवारता जितकी जास्त तितका हा फटका मोठा. म्हणून ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपास चालणाऱ्या जलद ५जीला झाडांचा त्रास जास्त होतो, तर ७०० मेगाहर्ट्झची लहर झाडाभिंतींतून बऱ्यापैकी शिरते आणि लांबही जाते, पण तिच्यावर वेग कमी मिळतो. उन्हाळ्यात घेत असाल तर टॉवर आणि घर यांच्यामध्ये कोणती झाडं आहेत ते नीट पाहा आणि पहिला प्लॅन एकाच महिन्याचा घ्या. वरूड, मोर्शी, काटोलकडच्या संत्र्याच्या बागा वर्षभर हिरव्या असतात, तिथे निदान असा ऐनवेळचा धक्का बसत नाही.

जवळ कोणाचा टॉवर आहे हे दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर पाहता येतं. कंपन्यांना आपले कव्हरेज नकाशेही संकेतस्थळावर द्यावे लागतात. ते अंदाजापुरते बघा, छतावरचा आकडा खरा माना.

चौथी पायरी: लाईन गेल्यावर काय

खेड्यातल्या इंटरनेटच्या निम्म्या तक्रारी मुळात विजेच्या असतात. फायबरचा घरातला डबा बहुतेक १२ व्होल्टवर चालतो आणि दहा-पंधरा वॅटच खातो. त्याला राउटरचा मिनी यूपीएस लावला की भारनियमनाचे दोनतीन तास निघून जातात. घेताना खोक्यावरचे ‘इतके तास’ वाचू नका, वॅट-अवर वाचा: ३० वॅट-अवरची बॅटरी १० वॅटच्या डब्याला हिशोबाने तीन तास, प्रत्यक्षात त्याहून कमीच देईल. व्होल्ट आणि अँपियर डब्याच्या अडॅप्टरवर लिहिलेल्या आकड्यांशी जुळले पाहिजेत.

छतावरच्या डब्याचं गणित वेगळं. त्याला वीज बहुधा त्याच नेटच्या वायरीतून आणि १२ पेक्षा जास्त व्होल्टने जाते, शिवाय घरातला राउटर वेगळा. साधा मिनी यूपीएस तिथे पुरत नाही, घरच्या इन्व्हर्टरवर जोडावं लागतं. टॉवरलाही बॅटरी असते, पण वादळात खांब पडून लाईन दिवसभर गेली की टॉवरही थकतो.

पाचवी पायरी: विजेचा कडकडाट

काच वीज वाहत नाही, त्यामुळे फायबरमधून तडाखा येत नाही. जुन्या तांब्याच्या टेलिफोन वायरीवर मोडेम पावसाळ्यागणिक जळायचे, तो प्रकार इथे नाही. पण फायबरच्या ड्रॉप वायरीला (खांबावरून घरावर येणारी वायर) ताण सोसायला कधीकधी पोलादी तार जोडलेली असते. ती घराबाहेरच हुकाला अडकवून कापली पाहिजे, घरात डब्यापर्यंत आणू देऊ नका. छतावरचा वायरलेस डबा मात्र उंचावर, तांब्याच्या वायरीने थेट घरातल्या राउटरला जोडलेला असतो. डबा ज्यावर बसवला त्या लोखंडी पाइपाला अर्थिंग करून घ्या, आणि कडकडाट दूर असतानाच राउटरकडे जाणारी ती वायर आणि अडॅप्टर दोन्ही काढून ठेवा. डोक्यावर आल्यावर वायरींना हात लावायला जाऊ नका. आसपास वीज पडण्याचा इशारा मिळायला पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप फोनमध्ये असू द्या; ते वावरात असतानाही कामाला येतं.

सहावी पायरी: वर्षाचा हिशोब

जाहिरातीतल्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लागतो: ५९९ चा प्लॅन ७०७ रुपयांना पडतो. त्यात जोडणीचा खर्च, अनामत, ठरावीक अंतरापुढच्या वायरीचे मीटरमागे पैसे आणि मिनी यूपीएस मिळवा. घर गावाबाहेर असेल तर फायबरच्या वायरीचाच खर्च वायरलेसच्या वर्षभराच्या बिलाइतका होऊ शकतो. अशा वेळी वाटेतल्या घरांना सोबत घ्या. एका घरासाठी केबलवाला खांब टाकत नाही, सहा घरांसाठी टाकतो.

बदलीची नोकरी असलेले शिक्षक, आरोग्य केंद्राचे कर्मचारी, भाड्याने राहणारे यांना वायरलेस सोयीचं. फक्त एअरफायबर त्या पत्त्यापुरतं असतं. डबा उचलून दुसऱ्या गावी नेला तर चालेल असं धरून चालू नका, आधी कंपनीकडून पत्ता बदलून घ्यावा लागतो.

सातवी पायरी: बसवायला माणूस आला की

फायबरवाल्याला घाई असते, तुम्ही करू नका. वायर रस्त्यावरून जात असेल तर भरलेली ट्रॉली खालून निघेल इतकी उंच ओढायला लावा. घरात शिरण्याआधी वायरीला खाली झोल द्यायला सांगा, म्हणजे पावसाचं पाणी तिथून गळून जाईल, आत येणार नाही. चारपाच मीटर वायर गुंडाळून राखीव ठेवा, उद्या टोक तुटलं तर कामी येते. कोपऱ्यात वायर काटकोनात मोडू देऊ नका, गोलाई ठेवा. जोडणीच्या टोकांचा रंग सारखा असावा: हिरव्याला हिरवं, निळ्याला निळं. मिसळले तर नेट सुरू होतं, पण सिग्नल वाया जातो.

शेवटी त्याच्याकडच्या मीटरवर ऑप्टिकल पॉवर, म्हणजे वायरीतून पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, बघायला सांगा. डबा उणे ८ ते उणे २७ डीबीएमपर्यंत पकडतो, पण उणे २५ च्या पुढे गेलेली जोडणी उद्याच्या बिघाडाची तयारी असते. उणे २० च्या आसपासचा आकडा आला तर काम चांगलं. तो डब्याच्या मागे तारखेसह लिहून ठेवा. पुढे स्पीड घटली आणि आकडा उणे २६ झालेला दिसला, की दोष वायरीत आहे हे तुम्हीच सांगू शकता. पॉन लिहिलेला दिवा स्थिर हिरवा असला तर लाईन ठीक. एलओएसचा लाल दिवा लागला तर वायर कुठेतरी तुटली किंवा मोडली आहे, राउटर बंद-चालू करून उपयोग नाही.

वायरलेसचा डबा टॉवरच्या दिशेने, फांद्यांपासून दूर आणि हलणार नाही असा घट्ट बसवा. वाऱ्याने थोडा जरी फिरला तरी वेग पडतो. वायर जिथून खाली येते ती फट पावसाआधी बुजवा. घरातला राउटर टिनाच्या अगदी खाली ठेवू नका. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त, आणि तापलेला राउटर मधूनमधून बंद पडतो.

दोन्ही प्रकारांत घरातलं वायफाय हे शेवटी वायरलेसच. २.४ गिगाहर्ट्झचं नेटवर्क लांब जातं पण हळू, ५ गिगाहर्ट्झचं जलद पण दोन भिंतींत संपतं. टीव्ही आणि कामाच्या संगणकाला राउटरपासून लॅन वायर टाकलीत तर फोनांना वायफाय मोकळं राहतं.

बंद पडल्यावर

फायबर घेतलं तरी घरातल्या एका फोनमध्ये वेगळ्या कंपनीचं सिम ठेवा, परीक्षेच्या किंवा अर्जाच्या शेवटच्या दिवशी तेच वाचवतं. तक्रार केबलवाल्याला तोंडी सांगून थांबू नका. कंपनीच्या क्रमांकावर नोंदवा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. समाधान झालं नाही तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील विभागाकडे जाता येतं, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहेच. जितके दिवस बंद होतं तितके दिवस वाढवून मागा. मागितल्याशिवाय सहसा कुणी देत नाही. कनेक्शन सोडताना डबा, अडॅप्टर आणि राउटर परत दिल्याची तारीख घातलेली लेखी पावती घ्या, आणि अनामत खात्यात जमा होईपर्यंत ती सांभाळून ठेवा.